हरणाच्या शिकारीची गोळी: निवड, भरणी आणि पारख

काडतुसाच्या खोक्यावर छापलेला वेग नळीच्या तोंडाशी मोजलेला असतो. हरणाला गोळी लागते ती शंभर, दोनशे, कधी तीनशे यार्डांवर, आणि तोवर वेग बराच उतरलेला असतो. गोळी फुलेल (लागल्यावर टोक पसरून रुंद होईल) की नाही, फुलली तर टिकेल की तिचा चुरा होईल, हे ठरवतो तो लागतानाचा वेग. म्हणून निवडीची सुरुवात ब्रँडपासून किंवा वजनापासून करू नका. आपली रायफल कोणत्या अंतरावर किती वेगाने गोळी पोचवते ते आधी काढा आणि त्या वेगाला नीट काम करणारी बनावट शोधा. जखमी होऊन पळालेल्या आणि न सापडलेल्या जनावरांपैकी कित्येकांच्या मागे हा जुळणीचा घोळ असतो.

हे सगळे परवान्याने शिकार होते त्या देशांपुरते आहे. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार हरणाची शिकार गुन्हा आहे.

आधी वेगाचा हिशेब

.३०८ विंचेस्टर या काडतुसातली १५० ग्रेनची (ग्रेन हे वजनाचे लहान माप) टोकदार गोळी घेऊ. ती सेकंदाला २,८०० फूट वेगाने सुटली, तर १०० यार्डांवर साधारण २,५८०, २०० वर २,३७०, ३०० वर २,१७० आणि ४०० वर १,९८० फुटांवर येते. आता .३०-३० मधली १५० ग्रेनची बोथट गोळी पाहा. ती २,३९० ने सुटते, १०० यार्डांवर जेमतेम २,००० उरतात आणि २०० वर १,६०० च्या आसपास. दोन्ही गोळ्यांचा व्यास ०.३०८ इंच, वजनही सारखे. तरी एकीसाठी योग्य असलेली बनावट दुसरीत निकामी ठरते.

साध्या शिशाच्या गोळ्या बहुतेक वेग सेकंदाला १,८०० फुटांपर्यंत उतरला तरी भरवशाने फुलतात. अखंड तांब्याच्या गोळ्यांना साधारण २,००० हवेत. काही नव्या बनावटी त्याखालीही उघडतात, पण तो आकडा त्या गोळीच्या उत्पादकाकडूनच घ्यावा. आपल्या गोळीची खालची मर्यादा जिथे येते तेच आपले शेवटचे अंतर. नेम त्यापुढे लागत असला तरी.

छापील वेगावर विसंबू नका. कंपन्या बहुधा २४ इंची चाचणी-बॅरलवर मोजतात. .३०८ मध्ये बॅरल एक इंचाने कमी झाले की साधारण २० ते २५ फूट जातात, म्हणजे २० इंची बॅरलमध्ये ८० ते १०० फुटांची तूट धरावी. क्रोनोग्राफवर (वेग मोजायच्या यंत्रावर) पाच गोळ्यांची सरासरी घ्या, ती गोळीच्या बॅलिस्टिक कोएफिशंटसह (हवेत गोळी वेग किती टिकवते त्याचा आकडा) बॅलिस्टिक कॅल्क्युलेटरमध्ये भरा आणि दर ५० यार्डांचा तक्ता छापून बंदुकीच्या पेटीत ठेवा.

ऊर्जेचा हिशेब सोपा आहे: ग्रेनमधले वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४०. १५० ग्रेन आणि २,१७० फूट म्हणजे सुमारे १,५७० फूट-पौंड. हरणासाठी १,००० फूट-पौंडांचा जुना अंदाज आजही वापरतात आणि काही कायद्यांतही तो आहे. पण निवडीत त्याला फार वजन देऊ नये. न फुलणाऱ्या लष्करी गोळीतही तेवढीच ऊर्जा असते. ती आरपार जाते, बारीक भोक पाडते आणि हरीण मैलभर पळते.

बनावटीचे प्रकार, आणि कोणती कुठे फसते

साधी गोळी म्हणजे शिशाचा गाभा आणि त्यावर तांबे-जस्ताच्या मिश्रधातूचे जॅकेट. रेमिंग्टनची कोअर-लोक्ट १९३९ पासून आहे; हॉर्नडी इंटरलॉक, सिएरा प्रो-हंटर आणि गेमकिंग, स्पीअर हॉट-कोअर याच घराण्यातल्या. व्हाइटटेल या अमेरिकी जातीसारख्या मध्यम हरणाला, २०० यार्डांच्या आत, .२७०, .३०८, .३०-०६ अशा नेहमीच्या कॅलिबरमध्ये ही गोळी पुरेशी आहे आणि स्वस्तही. महागडी गोळी घेऊन महिन्याला पाचच झाडण्यापेक्षा ही घेऊन पन्नास झाडलेल्या बऱ्या. ती फसते जास्त वेगात: २,९०० फुटांच्या वर खांद्याच्या हाडावर लागली तर जॅकेट आणि गाभा वेगळे होऊ शकतात, आणि मग दोन्ही तुकडे फार खोल जात नाहीत.

प्लास्टिकच्या टोकाच्या, झटकन फुलणाऱ्या गोळ्या म्हणजे नॉसलर बॅलिस्टिक टिप, हॉर्नडी एसएसटी. लागताच टोक मागे ढकलले जाते आणि गोळी उमलते. बरगड्यांमागे फुप्फुसात गेली तर हरीण तिथेच किंवा थोड्या अंतरावर पडते. मात्र .३०० विंचेस्टर मॅग्नमसारख्या वेगवान काडतुसातून ५० यार्डांवर खांद्यावर मारली तर वरवरचे मोठे भगदाड पडते, आत थोडीच जाते आणि पुढचा अख्खा पाय खाण्यातून बाद होतो. लोक अशा वेळी गोळीला दोष देतात, पण चूक वेग आणि बनावटीच्या जोडीत असते.

बाँडेड गोळीत गाभा जॅकेटला चिकटवलेला असतो: नॉसलर ॲक्युबाँड, हॉर्नडी इंटरबाँड, स्विफ्ट सिरॉको, फेडरल फ्यूजन. वजन बरेच टिकते, जवळ आणि लांब दोन्हीकडे वागणूक सारखी राहते. रायफल एकच आणि अंतर कधी ४०, कधी ३०० यार्ड असे ज्यांचे रान आहे त्यांनी आधी इकडे पाहावे.

नॉसलर पार्टिशन १९४८ पासून बाजारात आहे. आत आडवी भिंत आहे. पुढचा भाग फुलतो, बराचसा झडतो, आणि मागचा भाग भिंतीमुळे शाबूत राहून खोल जातो. ती जनावरात सापडली तर वजन दोन-तृतीयांशाच्या आसपास भरते. ते तिचे कामच आहे, बिघाड नव्हे.

अखंड तांब्याच्या गोळ्यांची वाट बार्न्सच्या एक्स गोळीने १९८९ मध्ये रुळवली. आज बार्न्स टीएसएक्स आणि टीटीएसएक्स, हॉर्नडी सीएक्स, नॉसलर ई-टिप अशा बऱ्याच आहेत. पुढच्या पोकळीमुळे टोक चार-सहा पाकळ्यांत उघडते आणि ९५ टक्क्यांहून अधिक वजन टिकते. यांना वेग लागतो, म्हणून वजन एक पायरी खाली घ्या: .३०८ मध्ये १५० ग्रेन शिशाची वापरत असाल तर तांब्याची १३० ग्रेनची. खोल जाण्याची चिंता नको, तिचे तुकडे होत नाहीत. वेग कमी पडला तर मात्र पाकळ्या मिटलेल्याच राहतात आणि गोळी पेन्सिलीसारखी आरपार निघते. .३०८ साठी बनवलेली तांब्याची गोळी .३०-३० च्या वेगाने झाडली तर १५० यार्डांवर नेमके हेच घडते.

पूर्ण जॅकेटची लष्करी गोळी आणि स्पर्धेची होलो पॉइंट गोळी हरणासाठी घेऊ नका. स्पर्धेच्या गोळीच्या टोकावरचे बारीक भोक फुलण्यासाठी नसते. जॅकेट बुडाकडून टोकाकडे ओढून घडवतात म्हणून ते उरते. अशी गोळी एखाद्या हरणात फुटते, दुसऱ्यात तशीच पार होते. भरवसा नाही हाच तिचा दोष.

वजन, ट्विस्ट आणि मॅगझिन

शिशाच्या गोळीसाठी सरधोपट निवड अशी: .२४३ विंचेस्टरमध्ये ९० ते १०० ग्रेन, ६.५ क्रीडमोरमध्ये १२० ते १४३, .२७० मध्ये १३० किंवा १४०, .३०८ मध्ये १५० ते १६५, .३०-०६ मध्ये १५० ते १८०. व्यास नावावरून ओळखू नका. .२७० ची गोळी ०.२७७ इंचांची असते आणि ७ मिमीची ०.२८४. डब्यावरचा व्यासाचा आकडा वाचूनच डबा उघडावा.

ट्विस्ट म्हणजे बॅरलमधल्या आट्यांचा (आतल्या पिळदार खाचांचा) एक पूर्ण फेरा किती इंचांत होतो ते माप. लांब गोळीला जलद ट्विस्ट लागतो, आणि इथे वजनापेक्षा लांबी महत्त्वाची. तांब्याची घनता ८.९६, शिशाची ११.३४, म्हणून त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब भरते आणि ट्विस्टला जड जाते. .२४३ च्या बऱ्याच रायफलींत दहा इंचात एक फेरा असतो. त्यात १०० ग्रेनची नेहमीची गोळी चालते. १०५ ग्रेनच्या पुढच्या सडपातळ लांब गोळ्या डगमगतात. मोजायला सफाईच्या फिरत्या गजाला घट्ट चिंधी लावा, गजावर खूण करा, आत ढकला आणि खूण पुन्हा वर येईपर्यंत गज किती इंच सरकला ते पाहा. दोन-तीनदा मोजावे, चिंधी घसरते. कागदावर गोल भोकाऐवजी लांबट, आडवे भोक दिसले तर गोळी स्थिर नाही आणि ती बाद.

नळीसारखे मॅगझिन असलेल्या लिव्हर रायफलीत (खालचा दांडा ओढून काडतूस चढवायच्या) कडक टोकदार गोळी कधीही भरू नये. त्यात एका काडतुसाचे टोक पुढच्याच्या प्रायमरवर (पावडर पेटवणाऱ्या बुडातल्या टोपीवर) टेकलेले असते आणि धक्क्याने ते नळीतच फुटू शकते. तिथे चपट्या टोकाची किंवा याच कामासाठी मऊ टोक दिलेली गोळीच चालते.

कायदा आणि शिसे

गोळी घेण्याआधी शिकारीच्या जागेचा त्या हंगामाचा नियम वाचा. कोलोरॅडोत हरणासाठी किमान .२४ कॅलिबर, किमान ७० ग्रेनची फुलणारी गोळी आणि १०० यार्डांवर १,००० फूट-पौंड लागतात. इंग्लंड-वेल्समध्ये मोठ्या हरणांना किमान .२४० कॅलिबर, नळीच्या तोंडाशी १,७०० फूट-पौंड आणि फुलणारी गोळी. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी चालत नाही; मेलेल्या जनावरांतले शिसे खाऊन काँडोर गिधाडे मरत होती हे त्यामागचे मोठे कारण. नियम नसला तरी मांस घरी खाणार असाल, त्यातही मुले आणि गरोदर बाई, तर तांब्याचा विचार करा. शिशाचे बारीक कण जखमेपासून बऱ्याच अंतरावर पसरतात आणि खिम्यात डोळ्यांना दिसत नाहीत.

घरी काडतूस भरताना

इथे पावडरचे वजन मुद्दाम दिलेले नाही. ते नेमकी गोळी, नेमकी पावडर, केस (काडतुसाचे धातूचे नळकांडे) आणि प्रायमर यांच्या जोडीसाठी छापलेल्या ताज्या मॅन्युअलमधूनच घ्यावे. दुसऱ्या शिकाऱ्याने सांगितलेला आकडा त्याच्या रायफलीचा असतो.

टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा. डोळ्यांना चष्मा, जवळ आग-सिगारेट नाही, फोन बाजूला.

पहिले काम केस तपासण्याचे. तोंडाला चीर असलेली केस लगेच फेकून द्या. मग बुडाच्या थोडी वर, पाव ते अर्धा इंच, बाहेरून चकचकीत कडे दिसते का पाहा. दिसले तर पेपरक्लिप सरळ करा, टोक काटकोनात इवलेसे वळवा, आत घालून बुडापासून भिंतीवरून हलकेच वर ओढा. निरोगी केसमध्ये तार सुळकन येते. आतून झिजलेल्या केसमध्ये ती त्या कड्यापाशी खटकन अडते, बोटाला खळगा जाणवतो. ती केस पुढच्या एखाद्या बारात दोन तुकडे होणार आणि तप्त वायू बोल्टकडे (नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या दांड्याकडे), म्हणजे तुमच्या चेहऱ्याकडे येणार. आधीच्या साइझिंगमध्ये, म्हणजे केस डाय नावाच्या साच्यात दाबून मापात आणताना, केसचा खांदा (तोंडाखालचा उतार) जास्त मागे ढकलला गेला असल्यामुळेच बहुधा हे होते. म्हणून साइझिंग डाय अशी लावा की बोल्ट रायफलीत खांदा ०.००१ ते ०.००२ इंचच मागे जाईल, सेमी-ऑटोत ०.००३ ते ०.००४.

साइझिंगआधी तेलाचा हात पातळ हवा. तेल नसेल तर केस डायमध्ये अडकते, जास्त असेल तर खांद्यावर खळी पडते. मग लांबी मोजा. .३०८ मध्ये २.०१५ इंचांच्या वर गेलेली केस २.००५ पर्यंत कापायची; .३०-०६ मध्ये २.४९४ च्या वर गेलेली २.४८४ पर्यंत. लांब केसचे तोंड चेंबरमध्ये (नळीतल्या काडतुसाच्या जागेत) दाबले जाऊन गोळीला आवळते आणि दाब एकदम चढतो. कापल्यावर तोंड आतून-बाहेरून घासून घ्या, नाहीतर गोळी बसताना जॅकेट सोलले जाते.

प्रायमर बुडाच्या पातळीपेक्षा किंचित, ०.००३ ते ०.००५ इंच, आत बसला पाहिजे. बोट फिरवून प्रत्येक तपासा. वर आलेला प्रायमर बोल्ट बंद होताना त्रास देतो आणि कधी दगा देतो.

पावडर तोलण्याआधी काटा माहीत असलेल्या वजनाने तपासा आणि दर दहा-वीस केसनंतर पुन्हा. इलेक्ट्रॉनिक काटा पंख्याच्या वाऱ्याने आणि ट्यूबलाइटजवळ सरकतो. सगळ्या केस लाकडी ठोकळ्यात उभ्या भरा आणि गोळी बसवण्याआधी टॉर्च मारून पावडरची पातळी एका ओळीत पाहा. एखाद्या केसमध्ये जास्त किंवा काहीच नसेल तर ते इथेच दिसते.

सुरुवात मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या आकड्यापासून. तो दिला नसेल तर कमालपेक्षा दहा टक्के खाली. .३०८ एवढ्या केसमध्ये ०.३ ते ०.५ ग्रेनच्या पायऱ्यांनी वर जा आणि प्रत्येक पायरीवर तीन-तीन काडतुसे भरा.

इथे एक चूक वारंवार होते. १५० ग्रेन शिशाच्या गोळीचा जुना, जमलेला लोड (पावडरची ठरलेली मात्रा) तसाच १५० ग्रेन तांब्याच्या गोळीला दिला जातो. तांब्याची गोळी लांब, म्हणून केसमध्ये जास्त जागा खाते. शिवाय ती आट्यांतून वेगळ्या घर्षणाने जाते. जागा कमी, पावडर तेवढीच, दाब जास्त. वजन सारखे असले तरी गोळी बदलली की लोड शून्यापासून. प्रायमर बदलला, केसची कंपनी बदलली, पावडरचा नवा डबा उघडला, तरी खाली येऊन परत चढायचे.

गोळी किती खोल बसवायची

आधी आट्यांपर्यंतचे अंतर काढा. पावडर आणि प्रायमर नसलेली एक डमी घ्या: एकदा झाडलेली केस, तोंड हलके दाबून गोळी जेमतेम पकडेल इतके घट्ट केलेले, आणि गोळी मुद्दाम लांब बसवलेली. बोल्ट हळू बंद करा. आटे गोळीला मागे ढकलतील. बाहेर काढून मोजा. माप पाच वेळा घ्या, कारण कधी गोळी आट्यांत चिकटून बाहेर काढताना थोडी ओढली जाते आणि आकडा लांब येतो. टोकापासून मोजू नका, मऊ शिशाचे टोक प्रत्येक गोळीत वेगळे असते. कॅलिपरला कंपॅरेटर (गोळीचा फुगवटा पकडणारा जोड) लावून केसच्या बुडापासून गोळीच्या फुगवट्यापर्यंत मोजा.

शिशाची गोळी आट्यांपासून ०.०२० इंच मागे ठेवून सुरू करा. बार्न्सच्या तांब्याच्या गोळ्यांना साधारण ०.०५० पासून; बऱ्याचदा त्या आणखी मागे गेल्या की गट (कागदावर गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) आवळतात. शिकारीत आट्यांना टेकवून गोळी बसवू नये. दाब वाढतो, आणि न झाडता काडतूस बाहेर काढताना गोळी आट्यांत अडकून पावडर ॲक्शनमध्ये (रायफलीच्या बोल्टच्या यंत्रणेत) सांडू शकते. एकूण लांबी मॅगझिनमध्ये मावली पाहिजे; .३०८ साठी प्रमाण कमाल २.८१० इंच आहे. शेवटी एक तयार डमी टेबलावर अंगठ्याच्या जोराने दाबून पाहा. गोळी आत सरकली तर केसची पकड ढिली आहे.

तयार शिकारीच्या काडतुसांपैकी प्रत्येक, अगदी प्रत्येक, मॅगझिनमधून चेंबरमध्ये घालून काढून पाहा. हे मैदानात, नळी सुरक्षित दिशेला ठेवून करा.

दाबाची लक्षणे

.३०८ ची प्रमाण कमाल दाबमर्यादा ६२,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड), .३०-०६ ची ६०,०००. घरी दाब मोजता येत नाही, फक्त खुणा दिसतात, आणि त्या उशिरा दिसतात. बोल्टची मूठ जड उचलली जाणे, केसच्या बुडावर इजेक्टरचा (रिकामी केस बाहेर फेकणाऱ्या खिळीचा) चकचकीत ठसा, भोक पडलेला प्रायमर, एक-दोन भरणीतच सैल झालेली प्रायमरची जागा: यातले काहीही दिसले की थांबा आणि उरलेली जड काडतुसे उघडून टाका, झाडू नका. चपटा प्रायमर एकटा पुरेसा पुरावा नाही. सगळ्यात आधी बोलतो तो क्रोनोग्राफ. त्या लांबीच्या बॅरलला मॅन्युअल जो कमाल वेग देते तो कमी पावडरमध्येच आला, तर दाबही तिथेच पोचला आहे. थंडीत जमलेला कमाल लोड भर उन्हात तपासल्याशिवाय कायम करू नका.

कागदावर आणि पाण्यात पारख

गोळीचा प्रकार बदलताना बॅरलमधले जुने तांबे पूर्ण काढा, मग पाच-सहा गोळ्या झाडून बॅरल बसू द्या आणि नंतरच गट मोजा. १०० यार्डांवर पाच गोळ्या दीड इंचात आल्या तर हरणासाठी ते उत्तम. काळीज-फुप्फुसांचा पट्टा साधारण आठ इंचांचा असतो. त्याहून महत्त्वाची थंड बॅरलची पहिली गोळी. चार वेगळ्या दिवशी एकेक झाडा, एकाच कागदावर. शिकारीत तीच एक गोळी कामाची असते.

फुलणे तपासायला गॅलनचे पाण्याचे डबे एकामागे एक सहा लावा, मागे मातीचा भरभक्कम बंधारा. एकदा ३० यार्डांवरून आणि एकदा तुमच्या शेवटच्या अंतरावरून. जवळून चुरा होतो का आणि लांबून उघडते का, हे दोन्ही एकाच गोळीने पास केले पाहिजे. पाणी गोळीला मांसापेक्षा कठोर वागवते, म्हणून पाण्यात उघडली नाही ती हरणात नक्की उघडणार नाही. उलट, पाण्यात थोडी फाटली म्हणून ती वाईट ठरत नाही.

हरीण आडवे उभे असेल आणि नेम खांद्यामागे असेल तर जवळपास कोणतीही योग्य गोळी चालते. तिरके, तुमच्याकडे खांदा करून उभे असेल तर बाँडेड, पार्टिशन किंवा तांब्याचीच खोल पोचते. हलकी झटकन फुलणारी गोळी भरली असेल तर थांबा, ते वळू द्या. झाडल्यावर हरीण पळाले तर निदान अर्धा तास बसून राहा, गोळी पोटात लागल्याची शंका असेल तर कित्येक तास.

मांस साफ करताना गोळी सापडली तर धुऊन तोला, व्यास मोजा आणि भरणीच्या वहीत त्या लॉटपुढे लिहा: अंतर, कोन, हाड लागले का, उरलेले वजन. १५० ग्रेनच्या साध्या गोळीचे ८५ ते १०० ग्रेन उरले आणि व्यास दीड ते दुप्पट झाला असेल तर ती वागली तशीच वागायला हवी होती. ५० ग्रेनचे रिकामे जॅकेट सापडले तर पुढच्या वेळी बाँडेड घ्या किंवा वेग शंभर-दोनशे फुटांनी उतरवा. आणि तांब्याच्या गोळीच्या पाकळ्या मिटलेल्या सापडल्या, तर वहीतले अंतर पाहून तक्त्यात त्या अंतराचा वेग शोधा; तिथून पुढे ती गोळी वापरायची नाही.